जमिनीतून धूर निघणारं गाव

टाऊनशिप म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं एक ठरावीक चित्र उभं राहतं. शहराबाहेरचा माळ, त्यावर उंच इमारती, दारात कमान, कमानीखाली गणवेशातला रखवालदार आणि वर्तमानपत्रात पानभर जाहिरात. माझ्या आधीच्या पिढीला आणखी एक टाऊनशिप ठाऊक होती. ती म्हणजे वीज केंद्राच्या किंवा कारखान्याच्या कामगारांची वसाहत. पण अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत या शब्दाचा अर्थ अगदी निराळा आहे.

तिथं टाऊनशिप म्हणजे आधी जमिनीचा एक चौकोन. १७८५ साली अमेरिकेनं पश्चिमेकडची जमीन मोजण्याचा कायदा केला. मोजणीदारांनी नदी पाहिली नाही, डोंगर पाहिला नाही. सहा मैल लांब आणि सहा मैल रुंद असे चौकोन आखत ते निघाले. प्रत्येक चौकोनाचे छत्तीस तुकडे, आणि प्रत्येक तुकडा एक चौरस मैलाचा, म्हणजे ६४० एकरांचा. त्याचा चौथा हिस्सा १६० एकर. हा १६० चा आकडा लक्षात ठेवा, कारण आजची सगळी गोष्ट त्याच आकड्याभोवती फिरते. पुढं कारभाराच्या सोयीसाठी या चौकोनांच्या हद्दी कमी-जास्त झाल्या. कॅन्सससारख्या राज्यात टाऊनशिप हा सरकारचा सगळ्यांत खालचा घटक झाला. गावठाण, भोवतालची शेतं, त्यांना जोडणारे कच्चे रस्ते, आणि हे सगळं पाहायला निवडून दिलेली दोन-चार माणसं. आपल्याकडं गावाला जशी चावडी, तसा तिथं टाऊनशिपचा हॉल.

अशा एका टाऊनशिपची हकिगत मला आज सांगायची आहे. तिचं नाव निकोडेमस. कॅन्सस राज्याच्या वायव्येला ग्रॅहम नावाचा जिल्हा आहे. तिथं सॉलोमन नदीचा दक्षिणेकडचा फाटा पूर्वेला वाहत जातो, आणि त्याच्या उत्तरेला हे गाव आहे. नदी म्हणजे गोदावरी-कृष्णेसारखी नव्हे. पाऊस वर्षाला विसेक इंच. त्यामुळं नदी कधी वाहते, कधी नुसती ओल धरून असते. गावही तेवढंच लहान. २०२० च्या शिरगणतीत गावठाणात अवघी १४ माणसं मोजली गेली. चौदा! आपल्याकडं एका घराच्या ओट्यावर मावतील एवढी.

मग या चौदा माणसांच्या गावाची गोष्ट इतक्या लांबून का सांगायची? त्याला कारण आहे.

मी बी.ए.ला असताना महात्मा फुले यांचं ‘गुलामगिरी’ पहिल्यांदा हातात पडलं. ते १८७३ साली प्रसिद्ध झालं. जोतीरावांनी ते अर्पण केलं आहे अमेरिकेतल्या सज्जन लोकांना. त्या लोकांनी आपल्या देशातल्या काळ्या गुलामांना मुक्त करण्यासाठी जे केलं, त्याबद्दलचा आदर त्या अर्पणपत्रिकेत आहे. आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा, ही आसही तीत आहे. पुण्यात बसलेला एक माणूस सातासमुद्रापलीकडच्या गुलामांची सुटका आपल्या माणसांना उदाहरण म्हणून दाखवतो, याचं मला तेव्हा फार अप्रूप वाटलं. मी आमच्या सरांना विचारलं, ‘सर, पण ते सुटलेले गुलाम पुढं गेले कुठं? त्यांचं काय झालं?’ सर हसले आणि म्हणाले, ‘ते तू शोध.’ सरांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्या प्रश्नाची अनेक उत्तरं मला पुढं वाचायला मिळाली. त्यांतलं एक उत्तर म्हणजे निकोडेमस.

अमेरिकेतलं यादवी युद्ध १८६५ साली संपलं. त्याच वर्षी राज्यघटनेत तेरावी दुरुस्ती झाली आणि गुलामी कायद्यानं संपली. सुमारे चाळीस लाख माणसं मोकळी झाली. पण मोकळी झाली म्हणजे काय झालं? अंगावरचे कपडे आणि रिकामे हात एवढीच त्यांची इस्टेट होती. युद्धाच्या शेवटी जनरल शर्मन यांनी एक हुकूम काढला होता. दक्षिणेच्या किनाऱ्यावरची जमीन मुक्त झालेल्या कुटुंबांना चाळीस एकरांपर्यंत वाटून द्यायची, असा तो हुकूम. वाटप सुरूही झालं. पण त्याच वर्षी नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी ते फिरवलं. जमीन पुन्हा जुन्या मालकांकडं गेली. कालचा गुलाम आज त्याच मळ्यात, त्याच मालकाकडं वाट्यानं राबू लागला. दुकानाची उधारी आणि मालकाचा हिशेब यांत तो असा अडकला की पायातली बेडी गेली आणि वहीतली बेडी आली. काही वर्षं केंद्राच्या फौजा दक्षिणेत होत्या. तोवर काळ्यांना मत देता येत होतं, निवडून येता येत होतं. १८७७ साली उरलेल्या फौजांनाही बराकींत परत नेण्यात आलं, आणि दहशतीला रान मोकळं झालं.

नेमकं तेच १८७७ हे निकोडेमसच्या जन्माचं वर्ष.

कॅन्सस राज्याबद्दल काळ्या लोकांच्या मनात आधीपासून ओढ होती. गुलामी हवी की नको यावरून त्या भूमीत यादवीच्याही आधी रक्त सांडलं होतं. जॉन ब्राऊन तिथंच लढला होता. १८६१ साली कॅन्सस संघराज्यात आलं ते गुलामी नसलेलं राज्य म्हणून. शिवाय १८६२ चा होमस्टेड कायदा होता. या कायद्यानं सरकारी जमिनीतले १६० एकर कुणालाही किरकोळ फी भरून नावावर करून घेता येत. अट एकच. पाच वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. १८६६ साली काळ्यांचं नागरिकत्व कायद्यानं मान्य झालं आणि हे दार त्यांनाही उघडलं. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची जमीन कसणाऱ्याला १६० एकर, तेही स्वतःच्या नावावर! या आकड्याची जादू काय असेल याची कल्पना करून पाहा.

पण हेही सांगितलं पाहिजे की ती जमीन सरकारची झाली कशी. त्या गवताळ माळावर पिढ्यान्‌पिढ्या शिकार करणाऱ्या मूळ रहिवासी जमातींना हुसकावून ती मोकळी केली होती. एकाच्या हिजरतीवर दुसऱ्याची वस्ती, असा हा हिशेब आहे. या गोष्टीत तो पुन्हा एकदा समोर येतो.

१८७७ च्या वसंतात निकोडेमस टाऊन कंपनी स्थापन झाली. सात जणांची मंडळी, त्यांत सहा काळे आणि एक गोरा. गोऱ्याचं नाव डब्ल्यू. आर. हिल. जमिनीचे व्यवहार हा त्याचा धंदा. अध्यक्ष होते डब्ल्यू. एच. स्मिथ, तर चिटणीस पाद्री सायमन राऊंडट्री. हे दोघेही कृष्णवर्णीय. त्यांनी हस्तपत्रकं छापली, अमेरिकेतल्या सगळ्या काळ्या नागरिकांना उद्देशून. जमीन काळीभोर आहे, पाणी आहे, लाकूड आहे, दगड आहे, या आणि आपलं गाव वसवा. पाच डॉलर भरा आणि प्लॉट घ्या. हिल स्वतः केंटकी राज्यात गेला. तिथल्या चर्चमधून त्यानं या नव्या मुलखाची वर्णनं केली. तंबाखू आणि तागाच्या शेतांत आयुष्य गेलेली माणसं ती ऐकत होती. सुरुवातीला मी जी पानभर जाहिरात म्हणालो, ती त्या काळीही होती हे यावरून तुमच्या ध्यानात येईल.

गावाला निकोडेमस हे नाव का दिलं याची दोन उत्तरं आहेत. बायबलमध्ये निकोडेमस नावाचा एक विद्वान रात्रीच्या वेळी येशूकडं जातो, आणि माणसानं नव्यानं जन्म घ्यावा लागतो हे त्याला कळतं. दुसरं उत्तर १८६४ सालच्या एका गाजलेल्या गाण्यात आहे. त्यातला निकोडेमस हा आफ्रिकेतून आणलेला गुलाम आहे. मुक्तीच्या दिवशी मला उठवा, असं सांगून तो मेलेला आहे. टाऊन कंपनीच्या डोळ्यांपुढं हा दुसरा निकोडेमस होता, असं बहुतेक अभ्यासक मानतात. मला मात्र दोन्ही अर्थ त्या गावाला शोभतात असं वाटतं.

जुलै १८७७ मध्ये तीसएक माणसं आली. सप्टेंबरमध्ये केंटकीतून तीनशेहून अधिक माणसांचा जथा आला. रेल्वे एलिस नावाच्या स्टेशनापर्यंत. तिथून पुढं सुमारे ३५ मैल, पायी. वाटेत झाड नाही, कुंपण नाही, मैलाचा दगड नाही. आणि पोचल्यावर पाहतात तो गावच नाही! ना घर, ना दुकान, ना चर्च. लाकूड नव्हतं, कारण त्या माळावर नदीकाठची थोडी झाडं सोडली तर झाडच नव्हतं. लोक इतके संतापले की हिलला जीव वाचवण्यासाठी लपून बसावं लागलं, असं सांगतात. साठएक कुटुंबं दुसऱ्याच दिवशी माघारी वळली. त्यांना दोष कोण देणार?

जी राहिली त्यांनी जमीन खणली. उताराला बीळ पाडावं तशी घरं कोरली. वर वासे, त्यावर काटक्या, त्यावर मुळांसकट कापलेले गवताचे ढेकळांसारखे थर. आत चूल, आणि चुलीचा धूर जायला छपरातून वर काढलेला नळ. हिवाळा तोंडावर आला होता. बर्फाचा हिवाळा. सरपण म्हणून सूर्यफुलाची वाळकी ताटं आणि माळावर पडलेलं रानगव्यांचं सुकं शेण. आपल्याकडच्या रानशेण्याच म्हणा ना! धान्य नव्हतं. त्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या लोकांनी आपल्या मांसातला वाटा या भुकेल्या माणसांना दिला, अशी आठवण गावात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. हे ओसेज कोण? ज्यांना काही वर्षांपूर्वीच कॅन्ससमधून हुसकावून दक्षिणेला पाठवलं होतं, तेच. ज्यांची जमीन गेली त्यांनी, जे जमिनीच्या आशेनं आले त्यांना जेवू घातलं. इतिहासाच्या मोठ्या पुस्तकांत अशा गोष्टींना एखादी ओळ मिळते. मला ती ओळ वाचून पुढं जाता आलं नाही.

सप्टेंबरच्या त्या जथ्यात एमा विल्यम्स नावाची एक बाई होती. ती आली तेव्हा दिवस भरत आले होते. महिन्याभरात अशाच एका जमिनीतल्या घरात तिला मुलगा झाला. त्याचं नाव हेन्री. निकोडेमसमध्ये जन्मलेलं हे पहिलं मूल. त्याच्या आईबापांच्या पिढीनं गुलामी पाहिली होती. हा मात्र अशा गावात जन्मला जिथं त्याचा मालक कुणी नव्हता. घर बिळाचं का असेना!

दुसऱ्या वर्षी, १८७८ च्या वसंतात, केंटकीतून आणखी एक जथा आला. त्यात पाद्री डॅनियल हिकमन यांची पत्नी विलियाना होती. तिनं पुढं सांगितलेली आठवण आज निकोडेमसची ओळख होऊन बसली आहे. एलिसला पोचल्यावर मुलांना गोवर निघाला. काही मुलं तिथंच दगावली. त्यांना पुरून माणसं पुढं निघाली. रस्ता नव्हता म्हणून होकायंत्र पाहत चालले. रात्री जनावरं जवळ येऊ नयेत म्हणून शेकोट्या पेटवल्या, बंदुकीचे बार काढले. दोन दिवसांनी पुरुष माणसं एकदम ओरडली, आलं निकोडेमस! विलियाना आजारी होती, तरी धडपडत उठून पाहू लागली. तिला काहीच दिसेना. कुठं आहे गाव, असं तिनं विचारलं. नवऱ्यानं बोट दाखवलं. जमिनीतून धुराच्या रेघा वर चढत होत्या. त्या धुराखाली माणसं राहत होती. तेच निकोडेमस. विलियानाला रडू कोसळलं.

पण ती रडली आणि राहिली. तिच्या नवऱ्यानं तिथं चर्च उभं केलं.

पेरणीची वेळ आली तेव्हा साऱ्या वस्तीत घोडी इनमीन तीन होती, असं सांगतात. लोकांनी कुदळ-फावड्यानं जमीन उकरली. एकानं तर दुभत्या गाईलाच नांगराला जुंपलं म्हणे. पुरुष पूर्वेकडं किंवा कोलोरॅडोत रेल्वेच्या कामावर जात, पैसे घेऊन येत. मागं बायका आणि मुलं शेत राखत. सुरुवातीच्या वर्षी मदतीसाठी पूर्व कॅन्ससमध्ये झोळी फिरवावी लागली, धान्य-कपडे आले. पण १८७९ साली गावानं टाऊन कंपनी विसर्जित केली, आणि आता बाहेरची मदत नको असंही ठरवलं. पोट अजून पुरतं भरलं नव्हतं, पण मान वर झाली होती.

त्याच १८७९ साली मिसिसिपी, लुईझियाना, टेनेसी या राज्यांतून हजारो काळी माणसं कॅन्ससकडं निघाली. या लोंढ्याला नाव पडलं एक्झोडस्टर्स. हजरत मूसा म्हणजेच मोझेस आपल्या लोकांना मिसरच्या गुलामीतून बाहेर काढतात, ही कथा यहुदी, ख्रिस्ती आणि आम्ही मुसलमान सगळेच आपापल्या ग्रंथांत वाचतो. त्या कथेलाच बायबलमध्ये एक्झोडस म्हणतात. म्हणजे ही माणसं स्वतःच्या स्थलांतराकडं नुसती पोटापाण्याची वणवण म्हणून पाहत नव्हती. आपण कुठून निघालो आणि कशासाठी, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता थोडं बरं दिवसांविषयी. झॅकरी फ्लेचर हे गावचे पहिले पोस्टमास्तर. त्यांची पत्नी जेनी पहिली शिक्षिका. ती आपल्या जमिनीतल्या घरातच मुलांना शिकवू लागली. पुढं तिथल्या शाळेला ‘डिस्ट्रिक्ट नंबर १’ असा क्रमांक मिळाला. ज्यांच्या आईबापांना अक्षर शिकू दिलं जात नव्हतं, त्यांची शाळा जिल्ह्यात एक नंबरची! फ्लेचर यांनी सेंट फ्रान्सिस नावाचं हॉटेल बांधलं. १८७८ साली एडवर्ड मॅकेब नावाचा न्यूयॉर्ककडचा एक शिकलेला तरुण तिथं आला. १८८० साली ग्रॅहम जिल्हा स्थापन झाला तेव्हा गव्हर्नरांनी त्याला जिल्ह्याचा पहिला क्लार्क नेमलं. १८८२ साली तो कॅन्सस राज्याचा ऑडिटर, म्हणजे हिशेब तपासणारा सर्वोच्च अधिकारी, म्हणून निवडून आला. राज्यभरातून मतं घेऊन अशा पदावर बसलेला कॅन्ससचा हा पहिला कृष्णवर्णीय माणूस. गुलामांच्या नावांच्या नोंदी जनावरांच्या नोंदीशेजारी ठेवणाऱ्या वह्या ज्या देशानं पाहिल्या, त्या देशातल्या एका राज्याच्या वह्या आता एक काळा माणूस तपासत होता.

१८८६-८७ पर्यंत गावाला रूप आलं. जमिनीतली घरं जाऊन दगडाची आणि लाकडाची घरं उभी राहिली. दुकानं, हॉटेलं, पतपेढी, चर्च, बेसबॉलचा संघ, वाङ्मयमंडळ. आणि वर्तमानपत्रं, एक सोडून दोन! एकाचं नाव ‘वेस्टर्न सायक्लोन’, दुसऱ्याचं ‘निकोडेमस एंटरप्राइज’. दुकानदारांत काळे होते तसे गोरेही होते. एवढ्याशा गावाला दोन वर्तमानपत्रं परवडतात कशी, असं आपल्याला वाटेल. त्याचं उत्तर रेल्वेत होतं. त्या काळी रेल्वे येणार म्हटलं की गाव फुलायचं. ही वर्तमानपत्रंही रेल्वेच्या आशेवर निघाली होती.

१८८७ साली निकोडेमस टाऊनशिपच्या लोकांनी मतदान घेऊन १६ हजार डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले. मिसुरी पॅसिफिक कंपनीनं रूळ आपल्या गावातून न्यावेत म्हणून. दहा वर्षांपूर्वी सूर्यफुलाची ताटं जाळणाऱ्यांनी! पण बोलणी फिसकटली. १८८८ साली रेल्वे आली ती युनियन पॅसिफिकची, आणि ती नदीच्या दक्षिणेकडून गेली. गाव उत्तरेला, रूळ दक्षिणेला, मध्ये सॉलोमन. काही मैलांवर नदीपलीकडं बोग नावाचं नवं गाव उठलं. निकोडेमसच्या दुकानदारांनी हिशेब केला. एकेक जण सामान गाडीत भरून नदी ओलांडून गेला. वर्तमानपत्रं बंद पडली. ज्या नदीच्या भरवशावर गाव वसलं, तीच नदी आता वेशीवरची भिंत झाली.

आपल्याकडं हे नवं नाही. आमच्या गावाला हमरस्ता चुकला तेव्हा मी लहान होतो. रस्ता तीन मैलांवरून गेला. आधी चहाची टपरी फाट्यावर गेली, मग न्हावी गेला, मग किराणा, आणि शेवटी आठवड्याचा बाजारच फाट्यावर भरू लागला. गावात उरली मशीद, मारुतीचं देऊळ आणि म्हातारी माणसं. त्यामुळं निकोडेमसची ही हकिगत वाचताना मला भूगोल वेगळा वाटला, दुखणं वेगळं वाटलं नाही.

रेल्वे चुकलेली अशी शेकडो गावं त्या माळावर नुसती विरून गेली. नकाशावरून नावंसुद्धा गेली. निकोडेमस का गेलं नाही?

माझ्या मते त्याचं उत्तर त्या १६० एकरांत आहे. व्यापारी गेले, कारण त्यांचा माल हलवता येत होता. शेतकऱ्याची जमीन हलवता येत नाही. आणि ही नुसती जमीन नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ज्याच्या नावावर काही झालं, तो ते नाव सोडून जाईल कसा? केंटकीत गुलाम म्हणून जन्मलेले आर. बी. स्क्रग्स रेल्वेत मजुरी करून, पै पै साठवून जमीन घेत गेले. अखेरीला ते ७२० एकरांचे मालक झाले. अशी माणसं नदी ओलांडून गेली नाहीत.

मग तीसच्या दशकात धुळीची वादळं आली. नांगरून उघडी पडलेली माती वाऱ्यानं उडू लागली. आकाश काळं व्हायचं. पिकं गेली, भाव पडले. १९३५ साली गावात ७६ माणसं उरली. याच पडत्या काळात, १९३९ साली, केंद्र सरकारच्या रोजगार योजनेतून गावात चुनखडीच्या दगडाचा टाऊनशिप हॉल बांधला गेला. आपल्या रोजगार हमीसारखंच ते काम. दगड जवळपासचा, हात गावचे. सभा, मतदान, लग्नं, नाच, सगळं तिथं होऊ लागलं. तरी माणसं जातच राहिली. १९५० साली गावठाणात १६ जण होते. १९५३ साली पोस्ट बंद झालं. पुढं शाळाही बंद झाली. ज्या गावाला पोस्टाचा शिक्का नाही, शाळेची घंटा नाही, त्याला गाव म्हणायचं कशाच्या जोरावर?

याचं उत्तर मला त्यांच्या सणात सापडलं. ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीज बेटांवर गुलामीबंदी लागू झाली ती १ ऑगस्ट १८३४ रोजी. निकोडेमसनं १८७८ पासून हा मुक्तीचा दिवस पाळायला सुरुवात केली. स्वतःच्या देशातल्या मुक्तीला पुरती तेरा वर्षंच झालेली, आणि ही माणसं दूरच्या बेटांवरच्या भावंडांच्या मुक्तीचा उत्सव करत होती. पुष्कळ वर्षं तो स्क्रग्स यांच्या राईत भरायचा. शेगड्यांवर मांस भाजायचे, घोड्यांच्या शर्यती, बेसबॉल, मुलांसाठी फिरता पाळणा. अगदी जत्राच! गाव रिकामं होत गेलं तसा या सणाचा अर्थ बदलला. डेन्व्हर, टोपेका, कॅलिफोर्निया अशा ठिकाणी पांगलेली घराणी या दिवसांत परत येऊ लागली. आता त्याला ते घरवापसी या अर्थाचा ‘होमकमिंग’ हा शब्द वापरतात. जुलैच्या अखेरच्या शनिवार-रविवारच्या सुमारास, जिथं एरवी चौदा माणसं, तिथं शेकडो माणसं जमतात. नातवंडांना आजोबांचं शेत दाखवतात. कबरस्तानात जाऊन नावं वाचतात.

व्हेरिल स्विट्झर यांचंच पाहा. १९३२ साली या गावात जन्मलेला, पहिल्या वसाहतकऱ्यांच्या वंशातला हा मुलगा कॅन्सस स्टेट विद्यापीठातून फुटबॉल खेळून नाव कमावतो. १९५४ साली ग्रीन बे पॅकर्स हा व्यावसायिक संघ त्याला पहिल्याच फेरीत निवडतो. पुढं विद्यापीठात मोठ्या हुद्द्यावर जातो. पण निकोडेमसची शेती त्यानं सोडली नाही. तिथं गहू पिकवत राहिला. २०२२ साली ते वारले.

अशा पांगलेल्या लेकरांनीच १९८८ साली गावाची इतिहास संस्था काढली आणि पाठपुरावा केला. १९९६ साली अमेरिकेच्या काँग्रेसनं निकोडेमसला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा दिला. पाच इमारती त्यात आहेत. दोन चर्च, फ्लेचर यांचं हॉटेल, शाळा आणि टाऊनशिप हॉल. या पाच इमारती पाहिल्या की एक गोष्ट लक्षात येते. ना किल्ला, ना राजवाडा, ना रणभूमी. प्रार्थनेची जागा, पाहुण्यासाठी छप्पर, मुलांसाठी फळा आणि चार माणसांनी बसून निर्णय घ्यायची जागा. माणूस मोकळा झाल्यावर सर्वांत आधी काय काय बांधतो, याची ही यादी आहे.

शेवटी एका शब्दाविषयी बोलतो. माझ्या घरात उर्दू आणि मराठी दोन्ही भाषा नांदल्या. त्यामुळं काही शब्द माझ्याशी दोन आवाजांत बोलतात. त्यांतला एक शब्द म्हणजे वतन. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी, जिच्यासाठी जीव तुटतो ती. मराठीत वतन म्हणजे नावावर असलेला, वारशानं चालणारा हक्क, जमिनीचा तुकडा. शब्द मुळात एकच, अरबीतून आलेला. आपल्याकडं पुष्कळांना पहिलं वतन होतं आणि दुसरं नव्हतं. मायभूमी होती, पण तिच्यात वीतभर जागा नावावर नव्हती. जोतीरावांना हे दुखणं पुरतं ठाऊक होतं.

निकोडेमसच्या माणसांना आफ्रिकेतलं वतन हिसकावून आणलं होतं, आणि अमेरिकेतलं कुणी देत नव्हतं. त्यांनी एका खोट्या जाहिरातीवर विश्वास ठेवून ३५ मैल चालत जाऊन, जमीन उकरून, दोन्ही अर्थांचं वतन एकाच ठिकाणी उभं केलं. म्हणून चौदा माणसं उरली तरी ते गाव आहे. आमच्या सरांना आज भेटता आलं असतं तर मी सांगितलं असतं, ‘सर, सुटलेले गुलाम कुठं गेले ते सापडलं. तिथं जमिनीतून धूर निघत होता. तेच त्यांचं गाव.’

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)